घाटाखालचे आमचे बंदर : चौल-रेवदंड्याचा एक दिवस

इंदापूरच्या माणसाला मोठे पाणी म्हटले की आधी उजनीच आठवते. समुद्र ही आमच्याकडे भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट. त्यामुळे मंडळाच्या वार्षिक सहलीचा विषय निघाला तेव्हा बहुतेक सभासद भगिनींचा कौल काशीदच्या वाळूकडे होता, यात नवल नाही. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली. चौलचा हट्ट माझा. अखेर तडजोड ठरली ती अशी : सकाळी रेवदंडा, दुपारी चौल, उतरत्या उन्हात कोर्लई आणि वेळ उरलाच तर काशीद. वेळ उरला नाही. त्याबद्दलची बोलणी मला अजून बसत आहेत. ही स्मरणिका हाती आल्यावर तरी ती थांबावीत, असा या लेखामागे थोडासा स्वार्थही आहे.

आदल्या दिवशी पहाटे इंदापूर सोडले. पुणे, बोरघाट, पेण, अलिबाग करीत सायंकाळी रेवदंड्यास पोहोचलो आणि एका घरगुती खानावळीच्या ओसरीवर पथाऱ्या टाकल्या. आमच्यातल्या सर्वांत वयस्क म्हणजे आक्का. त्या जुन्या पळसदेवच्या. गाव धरणात गेले तेव्हा त्या नुकत्या लग्न होऊन सासरी आलेल्या होत्या. रात्रभर लाटांचा आवाज येत होता. "हे कधी थांबत न्हाई व्हय?" असे त्यांनी अंधारात दोनदा विचारल्याचे आठवते.

चौल आणि रेवदंडा ही आज शेजारशेजारची दोन गावे आहेत. अलिबागेहून दक्षिणेकडे येताना आधी चौल लागते, मग रेवदंडा, आणि पुढे कुंडलिका नदी समुद्रास मिळते. त्या मुखाच्या पलीकडे डोंगराचे एक लांबट टोक पाण्यात शिरले आहे. तो कोर्लईचा किल्ला. पूर्वी या साऱ्याला मिळून चौलच म्हणत. त्यातले खाडीच्या तोंडाशी असलेले रेवदंडा, म्हणजे खालचे चौल, पोर्तुगीजांचे, आणि आतले वरचे चौल अहमदनगरच्या निजामशाहीचे. एकाच बंदरात दोन सत्ता शेजारी नांदत, भांडत आणि एकमेकींवर जगतही होत्या.

सकाळी प्रथम रेवदंड्याचा कोट पाहिला. येथे कोट पाहावयास वेगळे जावे लागत नाही. मोटाररस्ताच तटातून आत शिरतो आणि आपण नारळी-पोफळीच्या वाड्यांत येतो. वाडीत पाट, पाटाशेजारी विहीर, विहिरीमागे कोणत्या तरी चर्चची छप्पर नसलेली भिंत, आणि त्या भिंतीच्या सावलीत वाळत घातलेल्या सुपाऱ्या, असे ते दृश्य आहे. त्यात उंच उठून दिसतो तो सातखणी मनोरा. नाव सातखणी असले तरी सात मजले आता उरलेले नाहीत. त्याच्या पायथ्याशी सर्व भगिनींना बसवून मी माझे टिपण उघडले.

मी सांगितले ते थोडक्यात असे. इ. स. १५०८ मध्ये याच खाडीच्या तोंडाशी मोठी आरमारी लढाई झाली. इजिप्तच्या सुलतानाचे आरमार व दीवचा मलिक अयाज एका बाजूस, पोर्तुगीज दुसऱ्या बाजूस. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेन्सु द आल्मेदा तीत मारला गेला. पुढे १५२१ साली बुऱ्हाण निजामशहाकडून परवानगी मिळवून पोर्तुगीजांनी हा किल्ला बांधावयास घेतला. त्यांना येथून काढावे म्हणून मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये कित्येक महिने वेढा घातला, तो निष्फळ झाला. १६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजेनेही येथे वेढा दिला. अखेर चिमाजी आप्पांनी १७३९ त वसई घेतल्यावर पोर्तुगीजांचा उत्तरेकडला पायाच उखडला आणि पुढच्याच वर्षी, १७४० साली, तहाने रेवदंडा मराठ्यांकडे आला.

माझे सांगून झाले. कोणी तरी टाळ्याही वाजवल्या. मग आक्का म्हणाल्या, "बाई, समदं खरं. पर एवढ्या मोठ्या गावात बायका काय करत व्हत्या?"

मला उत्तर देता आले नाही. टिपणात नव्हतेच ते! पस्तीस वर्षे मी मुलींच्या वर्गात ह्याच सनावळ्या घोकून घेतल्या, पण एकाही मुलीने हा प्रश्न केला नव्हता. कदाचित त्यांनी तो करावा असे मी शिकवले नसेल. त्यानंतरचा सारा दिवस, मी वरवर वाट दाखवीत असले तरी, आक्कांच्या प्रश्नाच्या मागे मागेच फिरत होते.

रेवदंड्याच्या एका शाळेच्या आवारात एक स्मारकस्तंभ आहे. तो आहे अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याचा. हा त्वेर गावचा रहिवासी. इराणातील होर्मूझहून गलबतात बसून १४६९ च्या सुमारास तो चौलला उतरला. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ त, म्हणजे हा त्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीचा पाहुणा. त्याच्याजवळ विकण्यासाठी एक घोडा होता. तो येथवर आणण्यात शंभर रूबल गेल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्या काळी दख्खनचे सुलतान अरबी-इराणी घोड्यांसाठी वाटेल तो दाम देत, म्हणून हा एवढा खटाटोप. चौलहून तो पालीला गेला, आणि आपल्या अष्टविनायक यात्रेतले पाली ते हेच असे मानतात. तेथून घाट चढून जुन्नरला. चौल ते जुन्नर एकूण चोवीस दिवस वाटचाल केल्याचा त्याचा हिशेब आहे. जुन्नरच्या खानाने घोडा हिसकावून घेतला, धर्म बदललास तरच परत देईन म्हणाला, आणि एका खुरासानी गृहस्थाने मध्ये पडून तो सोडवून दिला. पुढे बिदरला त्याने तो विकला.

ही हकीकत सांगताना मला एकदम आठवले की आक्कांच्या प्रश्नाचा एक धागा येथे आहे. निकितीन लिहितो, या देशात व्यापारी धर्मशाळेत उतरतात आणि तेथे पाहुण्यांसाठी रांधण्याचे काम बायका करतात. आणखी तो असेही लिहितो की इकडे घोड्यांना हरभरे चारतात आणि साखर व तेल घालून खिचडी शिजवून घालतात. खिचडी ऐकताच मंडळींत हशा पिकला. "म्हणजे घोड्याचंबी आम्हीच रांधायचं!" असे कोणी तरी म्हणाले. हसण्यावारी नेले तरी गोष्ट खरी आहे. बंदरावर उतरलेला घोडा चोवीस मुक्काम करून वर चढायचा म्हणजे चोवीस चुली पेटायला हव्यात. त्या चुली कोणत्याही तहनाम्यात नाहीत.

आणि हे घोडे जात तरी कोठे? फौजांतून साऱ्या देशावर, भीमा-नीरेच्या काठांनाही. आपल्याकडचे भीमथडीचे तट्टू मराठ्यांच्या फौजेत नावाजलेले होते. बाहेरून आलेल्या अरबी-इराणी घोड्यांचा येथल्या तट्टांशी संकर होऊन ही जात तयार झाली असे जाणकार सांगतात, आणि अलीकडे तिला स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यताही मिळाली आहे. त्यांचे सारे पूर्वज चौललाच उतरले असे मी म्हणणार नाही. दाभोळ होते, गोवा होते. पण बारामती-इंदापूरच्या माळावर दौडलेल्या त्या तट्टाच्या अंगात घाटाखालच्या बंदराचे रक्त होते, यात शंका नाही. आपण ज्यास परका मुलूख म्हणून पाहावयास आलो तो इतका परका नाही, हे मला त्या शाळेच्या आवारात प्रथम जाणवले.

इंदापूरचे नाते दुसऱ्या बाजूनेही आहे. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे भोसले निजामशाहीचे सरदार होते, आणि निजामशाहीसाठी लढतानाच ते आपल्या इंदापुरात कामी आले. त्यांची गढी आपण रोज जाता-येता पाहतो. ज्या दरबारासाठी ते पडले त्या दरबाराचे मुख्य बंदर हे चौल. म्हणजे आपल्या काळ्या रानातला सारा आणि या धक्क्यावरची जकात शेवटी एकाच खजिन्यात पडत होती. इतकी वर्षे गढीविषयी शिकवताना मी कधी समुद्राचे नाव घेतले नाही.

दुपारचे जेवण चौलात झाले. आंबोळ्या, सोलकढी आणि केळीच्या पानावर भात. नंतर रामेश्वराच्या देवळात गेलो. समोर मोठी दगडी पुष्करिणी आहे आणि तिच्या पायऱ्यांवर आमच्या निम्म्या भगिनी अंगठ्याने पाणी उडवीत बसल्या. सभामंडपाच्या फरशीखाली कुंडे झाकलेली आहेत. वायुकुंड, अग्निकुंड, पर्जन्यकुंड. पाऊस अगदीच दडी मारून बसला म्हणजे विधिपूर्वक पर्जन्यकुंड उघडण्याची पूर्वीची चाल होती. कोकणात, जेथे पाऊस पुरे म्हणावा इतका पडतो, तेथेही पावसासाठी कुंड ठेवावे लागते याचे आम्हा अवर्षणी तालुक्यातल्या बायकांना फार आश्चर्य वाटले. एक भगिनी त्या फरशीवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिल्या. त्यांनी काय मागितले ते विचारावयाचे कारण नव्हते.

चौलचे वय मात्र या देवळांहूनही पुष्कळ मोठे आहे. इ. स. च्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक नाविकाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात कल्याणच्या पुढचे बंदर म्हणून 'सेमिल्ला' येते. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये 'चेमुल'चे रहिवासी आहेत. ही दोन्ही नावे चौलचीच, असे अभ्यासक मानतात. डेक्कन कॉलेजच्या डॉ. विश्वास गोगटे यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळातले अवशेष हाती लागले. पुढे इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा अल् मसूदी येथे आला. तो या गावाला 'सैमूर' म्हणतो. त्या वेळी येथे शिलाहार झंझ राजाचा अंमल होता आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद अशा ठिकाणचे सुमारे दहा हजार मुसलमान येथे राहत होते. पुष्कळांनी येथेच लग्ने करून कायमचे बिऱ्हाड केले होते, असे तो सांगतो. येथे मी आक्कांकडे पाहिले. दहा हजारांचे बिऱ्हाड झाले म्हणजे त्यात या गावच्या किती लेकी असतील! नाव एकीचेही आलेले नाही.

देवळाबाहेर, राजकोटाकडे जाताना, जुना हमामखाना पडक्या स्थितीत उभा आहे. घुमट, आत अंधार, वर झाड. तो घाईने पाहिला. दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्या चढण्यास चारच जणी तयार झाल्या, त्याही अर्ध्यावरून परतल्या. मार्गशीर्ष पौर्णिमेस तेथे मोठी जत्रा भरते.

चौलचे नाव एके काळी रेशमासाठी होते. सतराव्या शतकाच्या आरंभी इकडे आलेला फ्रेंच प्रवासी पिरार द लाव्हाल येथल्या रेशमी कापडाची आणि कारागिरांनी घडवलेल्या पेट्यांची मोठी तारीफ करतो. विणकराच्या घरात माग पुरुषाचा म्हणतात, पण रेशीम उकलणे, कांड्या भरणे, ताणा लावणे ही कामे कोण करते हे ज्यांनी असे घर पाहिले आहे त्यांना सांगावे लागत नाही. प्रवासी कापडाची तारीफ करून पुढे जातो, कांड्या भरणारी त्याला दिसत नाही. चौलचे विणकर त्याच शतकाच्या उत्तरार्धात मुंबईला जाऊन वसले. मुंबई इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे आली १६६८ त, आणि तेथे नव्या वस्तीला कारागीर हवेच होते.

मला वाटते, चौल खरे बुडाले ते तेव्हा, तोफांनी नव्हे. लढाया तर शतकानुशतके चालू होत्या आणि त्यांतून बंदर पुन्हा उभे राहत होते. बंदर म्हणजे दार. घर असते घाटावर. घरातल्यांनी दुसऱ्या दाराने ये-जा सुरू केली की पहिल्या दाराचा उंबरठा आपोआप गवताने भरतो. खाडीत गाळ साचत गेला, जहाजे मोठी होत गेली, मुंबईचे खोल पाणी त्यांना मानवले. १८१८ नंतर हा मुलूख इंग्रजांकडे गेला. मग आगगाडी आली. पुण्याहून आपल्या दिक्सालपर्यंत ती आली १८५८ साली, आणि बोरघाटातला लोहमार्ग १८६३ त पुरा झाला. त्या दिवसापासून भीमाकाठचा कापूस आणि धान्य चोवीस मुक्काम न करता थेट मुंबईच्या धक्क्यावर जाऊ लागले. दिक्सालला गाडी आली ते आपल्या भल्याचे झाले, पण चौलच्या शेवटच्या आशेवर पाणी सोडण्यात आपलाही हात आहे, असे मी रामेश्वराच्या पायऱ्यांवर म्हटले तेव्हा काही भगिनींना ते अतिशयोक्तीचे वाटले. वाटो.

ऊन उतरल्यावर कुंडलिकेवरचा पूल ओलांडून साळाववरून कोर्लईस गेलो. वाटेत रेवदंड्यातच ज्यू बांधवांचे प्रार्थनामंदिर लागते. कोकणातले हे बेने इस्रायल मराठी बोलणारे, तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. बहुतेक जण १९४८ नंतर इस्रायलला गेले, पण तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. दाराशी क्षणभर थांबलो आणि पुढे निघालो.

कोर्लईचा किल्ला चढण्याची ताकद आता कोणातच नव्हती. दीपगृहापर्यंत जाऊन आलो आणि खाली गावात विसावलो. एका घराच्या पायरीवर कोळंबी सोलीत बसलेल्या बाईंनी पाणी दिले. आमच्याशी त्या अस्सल कोकणी वळणाच्या मराठीत बोलत होत्या. इतक्यात त्यांचा नातू ओल्या पायांनी घरात शिरला आणि त्यांनी त्याला खडसावले ते कोणत्या भाषेत, ते आम्हाला कळेना. आक्कांनी कान टवकारले. "ही कंची वो बोली?"

बाई हसल्या. "आमची. नो लिंग. बाहेर मराठी, घरात ही."

'नो लिंग' म्हणजे आमची जीभ, आमची बोली. ही पोर्तुगीजपासून निघालेली, मराठीत मुरलेली भाषा जगात या एका गावीच बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आतलेच. सोळाव्या शतकात चौलच्या कोटातल्या पोर्तुगीज शिपायांनी येथल्या स्त्रियांशी संसार थाटले, त्या घरांतून ती जन्मली. नवरा एक बोलणारा, बायको दुसरे, आणि मूल त्या दोहोंतून तिसरे घडवणारे. १७४० त पोर्तुगीज निघून गेले. तेव्हापासून पावणेतीनशेहून अधिक वर्षे या भाषेला ना राजा, ना शाळा, ना पुस्तक. मुले शिकतात मराठीत. तरी ती टिकली. क्लेमंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून १९९६ साली ग्रंथ लिहिला.

मी सातखणीच्या पायथ्याशी ज्यांची नावे वाचली ते सरदार गेले, तोफा गंजल्या, तट ढासळले. आणि चौलचे सोळावे शतक या पायरीवर कोळंबी सोलीत नातवाला रागावत होते! आक्कांना मी म्हटले, "सकाळी विचारलंत ना, बायका काय करत होत्या. हे करत होत्या." आक्का काही बोलल्या नाहीत. पण त्यांनी त्या बाईंच्या पुढ्यातली मूठभर कोळंबी उचलून सोलावयास घेतली. शाकाहारी घरातल्या आमच्या एक-दोघी जरा सरकून बसल्या, ते सोडून द्या.

मग गप्पांत आमच्याही घरातले पोर्तुगीज बाहेर आले. बटाटा, पाव, काजू, पेरू, अननस, परात, घमेले, चावी, पगार. हे सारे शब्द त्या लोकांबरोबर आलेले. "म्हणजे माझ्या परातीतबी चौल हाय," असे आमच्या खजिनदार बाई म्हणाल्या. पगाराचा उल्लेख मात्र त्यांनी टाळला, कारण वर्गणी थकलेल्या दोन भगिनी शेजारीच होत्या.

सूर्य बुडताना सर्व जणी पाण्याच्या कडेला उभ्या होत्या. ओहोटी लागली होती आणि खाडीच्या तोंडाशी गाळाचे पट्टे उघडे पडत होते. आक्का त्यांच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या पळसदेवचे पळसनाथाचे जुने देऊळ धरणात बुडालेले आहे. ज्या उन्हाळ्यात उजनी फार आटते त्या उन्हाळ्यात ते वर येते, लोक होडीने पाहावयास जातात, छायाचित्रे काढतात.

"आमचं गाव पाण्यानं घेतलं," आक्का म्हणाल्या. "ह्यांचं पाण्यानं सोडलं."

परतीच्या गाडीत भिगवण येईपर्यंत बहुतेक जणी झोपल्या होत्या. आक्का जाग्या होत्या. त्यांनी मला जुन्या पळसदेवची वेस सांगावयास सुरुवात केली. नदीकडून वर आले की प्रथम कोणाचे घर, मग कोणाचा वाडा, कोठल्या विहिरीवर कोणत्या आळीच्या बायका जात, दळणाला कोणाच्या ओसरीत बसत आणि तेव्हा कोणत्या ओव्या म्हणत. माझ्याजवळ सकाळचे ते टिपण होते. त्याची मागची बाजू कोरी होती, तिच्यावर गाडीच्या हिसक्यांत जमेल तसे मी लिहून घेतले. सतरा घरे झाली तेव्हा इंदापूर आले.

आणखी पुष्कळ घरे राहिली आहेत. पुढल्या उन्हाळ्यात पाणी उतरले तर मंडळाची सहल पळसदेवला न्यावी आणि आक्कांनी जागेवर उभे राहून सांगावे, असे कार्यकारिणीत ठरले आहे. आक्कांच्या वयाच्या ज्या भगिनींची माहेरे त्या पाण्याखाली आहेत त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. वही आणि पेन्सिल मी आणीन.